खंड्याचे डोळे आणि तू

दादा, साथ ओसरली, आम्ही रानातून गावात परत आलो. झोपड्यांच्या तुराट्या सोडून गाडीत रचल्या, चुलीचे दगड तिथंच राहू दिले, आणि गाड्यांमागून गाड्या वेशीत शिरल्या. बायकांनी कुलपं काढली, घरं उन्हात उघडी टाकली, जमिनी सारवल्या. लोक एकमेकांना हाका मारून कोण राहिलं, कोण गेलं ते विचारत होते. आपल्या दारात येऊन कोणी काही विचारलं नाही. आपलं सगळ्या सिरसाळ्याला ठाऊक होतं.

तुझ्याशी बोलायचं आहे, पण कोणासमोर बोलू? वैनींसमोर तुझं नाव निघालं की त्या उठून गोठ्यात जातात. लहानपणी तू मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायचास तेव्हा आई म्हणायची, पोरीच्या जातीला काय करायचं ते. तू तरी पाटी माझ्यापुढं सरकवायचास. आता त्याच अक्षरांनी तुझ्याशी बोलते आहे.

गाव काय म्हणतं ते आधी सांगते, कारण तू असतास तर तेच पहिल्यांदा विचारलं असतंस. गाव म्हणतं, कुत्र्यापायी माणूस गेला. विहिरीवर मी पोचले की बायकांचं बोलणं थांबतं आणि घागरी भराभर भरल्या जातात. तू हे ऐकून नाकातून हसला असतास आणि बैल सोडायला निघून गेला असतास. मला तसं हसता येत नाही.

खंड्या तुझा नव्हता, हे लोक विसरलेत. तो उमापूरचा, माझ्या मालकांचा. ते विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि वरची दरड आत कोसळली. माणसं दोर सोडत होती, ओरडत होती, आणि खंड्या काठावर बसून आत बघत होता. त्यांना वर काढलं, सगळं उरकलं, तरी त्यानं काठ सोडला नाही. सासरी मला कोणी छळलं नाही दादा, लोकांना वाटतं तसं काही नव्हतं. फक्त माझ्याकडे कोणी बघेनासं झालं. मी भाकरीचा तुकडा पदराखाली घेऊन त्या काठावर जायची. तो खायचा, आणि मग आम्ही दोघं तिथंच बसायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. या कुत्र्यात एवढं काय आहे, असं तूही कधी विचारलं नाहीस.

तू मला न्यायला आलास तो दिवस आठवतो. गाडी गावाबाहेर पडली तसा तो मागं लागला. मी सारखी मान वळवून बघत होते, आणि तुला वाटलं मी सासरचं घर बघते आहे. सिंदफणा नदी ओलांडली तरी तो मागंच. जीभ बाहेर आलेली, पंजे सोललेले. शेवटी तुझं लक्ष गेलं. तू बैल थांबवलेस.

"कोनाचं हाय हे?"

"त्यांचं."

तू खाली उतरलास, त्याला दोन्ही हातांनी उचललंस आणि माझ्या पायाशी गाडीत ठेवलंस. "त्यांचं म्हंजी आपलंच की," एवढंच म्हणालास. दुसरा कोणी असता तर विधवा बहिणीबरोबर कुत्रंही कशाला, असं म्हणाला असता. वैनींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला तो माझ्यावरून, आणि तू म्हणालास, "त्याच्यावरून बी टाका." वैनी हसल्या होत्या. तेव्हा त्या खूप हसायच्या, नाही का?

त्याचे डोळे बिघडले ते दोन-तीन वर्षांनी. आधी सकाळी चिपडं यायची, ती मी ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. मग दिवसभर यायला लागली. हिरवट, चिकट, तारा निघाव्या तशी. डोळे लाल झाले, त्यांची चकाकी गेली, आणि उजव्या डोळ्यावर कोपऱ्यातून काळा पडदा सरकायला लागला. तो सारखा पंजानं डोळे घासायचा, उन्हात आला की मिटून घ्यायचा. तू मोमिनाबादच्या छावणीत सलोत्र्याच्या, घोड्यांच्या वैद्याच्या, हाताखाली घोडे सांभाळलेले, म्हणून तुला वाटलं आपल्याला जमेल. तू तुरटीचं पाणी घातलंस. खंड्या किंचाळला आणि तुझ्या मनगटाला दात लावून गाडीखाली जाऊन बसला. तू रक्त धुतलंस आणि म्हणालास, "त्याचं चुकलं न्हाई. माझं चुकलं."

त्याच उन्हाळ्यात माणसं काठ्या घेऊन दारात आली. मी चुलीपाशी होते. बाहेरून आवाज आला तो अजून कानात आहे.

"भाईर काढ बे ते कुत्रं! पिसाळलंय ते."

"कोन म्हनतं?"

"डोळे बग की त्याचे. लाल झालेत, घान गळती. सकाळी पाराच्या दगडावर जाऊन धडकलं. गावात पोरंबाळं हायत."

तू त्यांच्याशी हुज्जत घातली नाहीस. आत आलास, माठातलं पाणी परातीत ओतलंस आणि अंगणात मधोमध ठेवलंस. "पिसाळलेलं जनावर पान्याला भितंय. हे पान्याला भ्यालं तर मीच काठी घालतो," असं म्हणून तू परातीजवळ उकिडवा बसलास. मी दाराआडून बघत होते. खंड्या येईना. समोर एवढ्या काठ्या, तो कसा येईल? माणसं चुळबुळायला लागली. कोणी तरी म्हणालं, "बगितलं का?" तू पाण्यात हात घालून नुसता हलवलास आणि त्याला हलक्या आवाजात बोलावत राहिलास. तो गाडीखालून पोट घासत आला, एका डोळ्यानं तुला शोधत, आणि परातीत तोंड घालून तळ लागेपर्यंत पाणी प्यायला. चावायचंच असतं तर तुझा हात त्याच्या तोंडाशीच होता.

काठ्या खाली झाल्या. एकजण म्हणाला, "मंग डोळ्याला काय झालंय त्याच्या?"

"ते मला बी कळंना," तू म्हणालास.

दुसऱ्या दिवशी तू गाडी जुंपलीस आणि मला म्हणालास, "चल. त्याला धरायला तूच पायजे." मी तुझ्या घरी आल्यापासून शेताच्या पलीकडे गेले नव्हते. वैनी म्हणाल्या, "लोक काय म्हनतील?" तू म्हणालास, "कुत्र्याला औषद आनाया गेले म्हनतील." घाट चढताना वारा लागला तेव्हा मला किती दिवसांनी बरं वाटलं, हेही तुला सांगायचं राहिलं. तू पुढं बैलांशी बोलत होतास. खंड्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी पदर थोडा मागं सरकवून नुसती डोंगराकडे बघत होते.

तुझे ते म्हातारे सलोत्री, ज्यांना तू चाचा म्हणायचास, तबेल्याच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी खंड्याच्या डोळ्याला आधी हात लावला नाही. एक कांदा मागवला, चिरला आणि त्याच्या तोंडाशी धरला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तुझ्या लागल्या, चाचांच्या पांढऱ्या दाढीत पाणी उतरलं. खंड्याचे डोळे तसेच होते, धूळ बसलेल्या काचेसारखे.

"पानी सूख गया इसका," चाचा म्हणाले. "चिपड दिखता, इसलिए लोगां समझते पानी बहोत है. पानीच नै है. अंदर से नै आता तो बाहर से डालना पड़ता."

"कितने दिन, चाचा?"

"ये जीता तब तक."

उजव्या डोळ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. "ये तो गई. वो दूसरी बचाओ. और तुरटी नक्को, और जलता." मग त्यांनी बोरिकच्या पांढऱ्या भुकटीचा डबा दिला आणि कसं करायचं ते तुझ्या हातून करून घेतलं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर भुकटी, त्यात कापूस भिजवून चिपडं आधी मऊ करायची, मग नाकाकडून बाहेर पुसायचं, ओढायचं नाही. डोळा स्वच्छ झाला की एरंडेलाचा एक थेंब. दिवसातून जितक्यांदा जमेल तितक्यांदा. तू घोड्याला खरारा करणारा माणूस, तुझे हात जाड. पहिला थेंब कानात गेला होता. चाचा हसले, मीही हसले. मी हसले हे बघून तू मान खाली घातलीस आणि दुसरा थेंब सोडायला लागलास.

मग ते रोजचंच होऊन बसलं. बाजारचं एरंडेल तुला चालेना. बिया भाजून, कांडून, पाण्यात उकळून तू तेल वर आणायचास आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचास. वैनी म्हणायच्या, "आमच्या डोक्याला कदी काढलं न्हाई येवढं तेल." तू कापसाची वात तेलात बुडवून तिच्या टोकाचा थेंब सोडायचास. शेतातून आलास की पाय धुवायच्या आधी ते. पुढं पुढं खंड्याच येऊन तुझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवायचा. डाव्या डोळ्याचं लाल कमी झालं, काळा पडदा कोपऱ्यातच थांबला. वैनी बांधावरून येताना दिसल्या की तो पुन्हा शेपूट हलवायला लागला. माणूस ओळखण्याइतकं दिसायला लागलं होतं त्याला.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. तुझं म्हणणं, असंच घालत राहिलं तर एक दिवस त्याचं स्वतःचं पाणी सुरू होईल. मी म्हणायची, चाचांनी सांगितलंय, जन्मभर घालावं लागेल. "चाचा घोड्याचे सलोत्री. कुत्र्याचं त्यांना काय ठावं?" असं म्हणून तू अधूनमधून कांदा चिरायचास, त्याच्यासमोर धरायचास आणि स्वतःच डोळे पुसत बसायचास. "आज जरा वलं दिसतंय, बग." मी वाकून बघायची. काही ओलं नसायचं. मी तसं सांगितलं की तू चिडायचास. तू खरंच मानत होतास की मला धीर यावा म्हणून बोलत होतास, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायला हवं होतं. आपण फक्त भांडत राहिलो.

गाठीच्या तापाची साथ आली ती उंदरांवरून कळली. माळवदावरून, धान्याच्या कणगीमागून उंदीर मरून पडायला लागले, आणि तहसीलीचा शिपाई दवंडी देऊन गेला की गाव रिकामं करा. अर्ध्या दिवसात सगळे बाहेर. तू बैल, दाणे, जातं, अंथरुणं गाडीत भरलीस. खंड्या माझ्याबरोबर चालत आला. झोपडी बांधून झाली, चूल पेटली, आणि तेव्हा तुला आठवलं की भुकटीचा डबा आणि तेलाची बाटली घरात, भिंतीतल्या देवळीत राहिली.

काही दिवस नुसत्या कोमट पाण्यानं पुसलं. डोळा परत लाल झाला. रानातली धूळ, तुराट्यांचा भुसा, वारा. चिपडानं पापण्या चिकटायला लागल्या आणि खंड्या झोपडीच्या कोपऱ्यात तोंड घालून बसायला लागला. मोमिनाबादच्या वाटेवर पहारे बसले होते, तिकडं कोणी जाऊ शकत नव्हतं. एका दुपारी तू पागोटं बांधलंस.

"कुठं निघालास?"

"घरी. डबा घिऊन येतो."

"गावात पाय ठिवायचा न्हाई म्हनलंय."

"मी काय ऱ्हायला चाललोय का? गेलो आन आलो."

"दादा, डोळाच हाय तो. जाऊ दे."

"एक गेला. दुसरा बी जाऊ दे म्हनतीस?"

"व्हय. जाऊ दे म्हनते."

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी कोणी परकी आहे. "तुझं कुत्रं, आन तूच असं म्हनतीस?" वैनी पाण्याला गेल्या होत्या. मी तुझा सदरा धरला. तू माझी बोटं एकेक करून सोडवलीस आणि गेलास. दिवस मावळायच्या आत परत आलास. डबा आणलास, बाटली आणलीस, वैनींची विसरलेली फणी आणलीस. हात राखेनं घासून धुतलेस आणि खंड्याला घेऊन बसलास. मी तुझ्याकडे पाठ करून चूल फुंकत राहिले. तू म्हणालास, "बग, आलो का न्हाई?"

नंतर तुला ताप भरला. जांघेत गाठ आली. त्याच सुमाराला पलीकडच्या दोन झोपड्यांतही ताप आला, आणि त्यांच्यातलं कोणी गावात गेलं नव्हतं. म्हणून मी स्वतःला सांगते की त्या तापानं तुला रानातही गाठलंच असतं. मग तुझं पागोटं बांधणं डोळ्यांसमोर येतं आणि तसं सांगता येत नाही. दादा, या दोन्हींतलं खरं काय ते कोणालाच कळणार नाही. मला दोन्ही घेऊनच राहायचं आहे.

तू तापात होतास तरी शुद्ध होती. वैनी पाय चेपत होत्या, मी कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. उजाडायला आलं होतं. तू डोळे उघडलेस.

"खंड्याला घातलं का?"

"न्हाई."

"कावून?"

"तुला सोडून उठत न्हाई मी."

"जा. घालून ये. लई येळ लागत न्हाई."

"न्हाई जात."

"जा म्हनतो ना."

"न्हाई जात, दादा."

तू तोंड तुराट्यांच्या भिंतीकडे फिरवलंस. त्यानंतर वैनींजवळ पाणी मागितलंस. ऊन वर येईपर्यंत सगळं संपलं.

आपलं शेवटचं बोलणं म्हणजे ते भांडण. त्याचा मी खूप विचार केला. पण तू आज पुन्हा विचारलंस तरी मी तेच उत्तर देईन. तुझ्याजवळून मी उठले नसते. त्या झोपडीत मी पडले असते आणि खंड्या बाहेर कण्हत असता, तर तू उठून गेला असतास का? खरं सांग. तूही गेला नसतास. एवढं तरी तू मला द्यायला हवं होतंस, तोंड फिरवायला नको होतं. मला राग आहे तुझा. आणि तो सांगायला तू नाहीस, याचा त्याहून जास्त.

तुझ्या नावचं पाणी सोडून आम्ही परत आलो तेव्हा वैनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं, तो चेहरा मला ओळखता आला नाही. "वन्सं," त्या म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्यापायी माझं घर बसलं." पलीकडच्या झोपड्यांचं मी त्यांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्यांना कोणावर तरी राग धरायचा होता, आणि मी जवळ होते. माझ्या वेळी राग धरायला फक्त एक विहीर होती. त्यावर रागावून माणसाला काही मिळत नाही, हे मला माहीत आहे.

तुझ्या आजारात आणि त्यानंतरच्या सुतकात खंड्याकडे कोणी बघितलं नाही. मी पुन्हा कापूस भिजवून बसले तेव्हा पापण्या पार चिकटलेल्या होत्या. चिपडं मऊ करून उघडल्या, तर डावा डोळाही काळा पडला होता. हात हलवला, दिवा धरला. त्याला काही कळलं नाही. ज्याच्यासाठी तू गावात गेलास ते गेलं, दादा. हे तुला सांगायला मी इतकं लिहिलं आणि इतका वेळ टाळलं.

तू मला काय दिलंस ते गावाला कधी कळणार नाही. तुझ्या घरात मी आल्यावर तू मला धीराचं एक वाक्य बोलला नाहीस, देवाधर्माचं काही सांगितलं नाहीस. तू माझ्या हाताला काम दिलंस. सकाळी उठायचं, पाणी उकळायचं, कापूस पिंजायचा, कोणी तरी आपली वाट बघत असायचं. मी जगले ती त्या कामावर. ते तू समजून केलंस, की सहज झालं? तू तर म्हणाला असतास, "कुत्र्याचे डोळे धुतले. त्यात काय?"

परत आल्यापासून मी अंगणात बसून रोज त्याला धुते, पुसते, थेंब सोडते. आज दुपारी वैनी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं. मी वर बघितलं नाही.

"दिसतंय का त्याला?" गावात आल्यापासून त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलत होत्या.

"न्हाई वैनी. दोनी गेले."

"मंग कावून घालता?"

"कोरडा डोळा खुपतो त्याला. दिसत नसला तरी खुपतो. तेल घातलं की जरा गप पडतो."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग विचारलं, "डब्यातली भुकटी किती ऱ्हायली?"

"थोडी हाय."

"पुरवून घाला," त्या म्हणाल्या, आणि सूप तिथंच टाकून आत गेल्या. आतून कडी लागली. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. दादा, तू गेलास त्या दिवशी वैनी रडल्या नव्हत्या, नंतरही नाही. आता कडीमागं त्या तोंडावर पदर दाबून रडत होत्या आणि तरी ते अंगणापर्यंत ऐकू येत होतं. खंड्यानं कान टवकारले, उठायला बघितलं. मी त्याची मान धरली, वात तेलात बुडवली आणि दुसऱ्या डोळ्यात थेंब सोडला.